चाळीस किलोमीटरच्या लाईनला डिझेल कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात मार्केट यार्डात एका ओळखीच्या व्यापाऱ्यानं नवीन डिझेल तीनचाकी घेतल्याचे पेढे वाटले. पेढा खाल्ला, पण राहवलं नाही म्हणून विचारलं की दादा, तुमची गाडी सांगली ते मिरज आणि परत एवढंच करती, मग डिझेल का, इलेक्ट्रिक का नाही? ते म्हणाले, "बॅटरी मधेच उतरली तर माल काय डोक्यावर घेऊन जाऊ?" हे वाक्य मी गेल्या दोन वर्षांत इतक्या जणांकडनं ऐकलंय की शेवटी पत्र लिहायला बसलो.

माझी गणपती पेठेत बिस्किट-साबणाची एजन्सी आहे, तीन गाड्या आहेत, त्यातल्या दोन तीनचाकी आता इलेक्ट्रिक. घ्यायच्या आधी मी शोरूमला गेलो नाही, ड्रायव्हरला एक वही आणून दिली आणि महिनाभर रोजचं मीटर लिहायला लावलं. माल पोचवायच्या आमच्या रोजच्या फेऱ्या, म्हणजे मिरज लाईन, कुपवाड लाईन, माधवनगर-बुधगाव लाईन, सगळ्या 40 ते 55 किलोमीटरच्या आत, फक्त तासगाव लाईनच्या दिवशी आकडा 70 च्या आसपास जायचा. म्हणजे ज्या बॅटरी उतरण्याला आपण घाबरतोय ती उतरायच्या आत गाडी दुकानात परत आलेली असती. एक मात्र सांगतो, कंपनी जेवढे किलोमीटर सांगती त्यातला तिसरा हिस्सा सोडून द्या, माल भरून, थांबत थांबत जाणाऱ्या गाडीला उरलेले दोन हिस्सेच मिळतात.

पैशाचं म्हणाल तर डिझेलची तीनचाकी आमच्या गल्लीबोळात लिटरला 20-22 द्यायची, नव्वद रुपयांच्या घरातलं डिझेल धरलं तर किलोमीटरला चार रुपये. नवीन गाडी एका युनिटला 8-9 किलोमीटर पळती, दुकानाच्या कमर्शियल मीटरचा महाग दर धरून सुद्धा किलोमीटर दीड रुपयाच्या आत बसतो. रोज 50 किलोमीटर आणि महिन्याचे 26 दिवस धरा, एका गाडीमागं सव्वातीन हजार राहतात, ऑईल-फिल्टरचा खर्च वाचला तो वेगळा. गाडी घेताना लाखभर जास्त गेले होते, ते अडीच-पावणेतीन वर्षांत निघतील. आता यातली मेख बघा, जी गाडी दिवसाला 15 किलोमीटरच फिरती तिचे जादा पैसे निघायला आठ-नऊ वर्षं जातील, तोवर बॅटरी बदलायची वेळ आली असेल. लोक उलटं करतात, कमी फिरणारी गाडी आधी इलेक्ट्रिक करून बघतात आणि मग परवडत नाही म्हणून बोंब मारतात. भरपूर फिरणारी पण रात्री घरी येणारी गाडी आधी बदला.

अनुदानाच्या भरवशावर हिशोब मांडू नका. केंद्राची पीएम ई-ड्राइव्ह योजना ऑक्टोबर 2024 ला आली तेव्हा तीनचाकीला बॅटरीच्या दर युनिट क्षमतेमागं 5,000 रुपये होते, दुसऱ्या वर्षी 2,500 झाले. पुढं कुठलं अनुदान मिळालं तर वरकड समजायचं.

चार्जिंगचा बाऊ पण लई केलाय. तीनचाकीला साधा 15 अँपियरचा प्लग लागतो, रात्री दुकान बंद करताना लावायची, सकाळी भरलेली. आहे त्या कनेक्शनवरून आपल्या जागेत गाडी चार्ज करता येते असं केंद्राच्या सप्टेंबर 2024 च्या गाईडलाईनमध्येच आहे. आमच्याकडं दोन गाड्या एकदम लावल्यावर ट्रिप व्हायला लागलं, मग मंजूर भार वाढवून घेतला आणि अर्थिंग नीट करून घेतलं.

त्रास झाला नाही असं नाही. एका गाडीचा कंट्रोलर, म्हणजे मोटर चालवणारा इलेक्ट्रॉनिक भाग, गेला आणि पार्ट यायला अकरा दिवस लागले, त्या अकरा दिवसांत आमची तिसरी गाडी, छोटा हत्ती टेम्पो, होती म्हणून निभावलं, म्हणून सगळ्या गाड्या एकदम बदलू नका. बँकेनं व्याज डिझेल गाडीपेक्षा जास्त लावलं. आणि आमच्या ड्रायव्हर मामांची तक्रार वेगळीच, म्हणे मालक, गाडीला आवाजच नाही, पेठेत माणसं बाजूला होत नाहीत, हॉर्न वाजवून वाजवून अंगठा दुखतोय.

पुराचं सगळेच विचारतात. 2019 ला आमच्या दुकानात पाणी होतं तेव्हा डिझेलची गाडीच बुडाली होती आणि इंजिन खोलावं लागलं होतं. बॅटरीवर आयपी 67 लिहिलेलं असतं म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरायची चाचणी केलेली असती, पण ते काही पुरात गाडी घालायचं लायसन नाही. आम्ही एवढंच करतो, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 35 फुटांवर आलं की दोन्ही गाड्या फुल चार्ज करून वर विश्रामबागकडं लावतो, कारण 40 ला इशारा पातळी, 45 ला धोका, आणि एकदा पेठेतली लाईट बंद केली की चार्जिंगचा विषयच संपला.

न्हावाशेवाला जाणारा द्राक्षाचा कंटेनर, उसाचा ट्रॅक्टर यांना इलेक्ट्रिक करा असं मी म्हणत नाही. पण दूध, ब्रेड, औषधं, गॅस सिलिंडर, कुरिअर, पाण्याचे जार या सगळ्यांच्या गाड्या शहरातच घिरट्या घालतात.

सरकारला पण एक सांगायचंय. राज्याच्या 2025 च्या ईव्ही धोरणात समृद्धी, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारला आणि बसला टोलमाफी दिली, मालाच्या गाड्या वगळल्या. आमच्या तीनचाकीला एक्स्प्रेसवेवर तशीही बंदीच आहे त्यामुळं माझं काही अडत नाही, पण वीस-तीस लाखाच्या कारला माफी आणि भाजीच्या टेम्पोला पावती, हे काय पटत नाही. इथं खरी अडचण आहे ती भाड्यानं टेम्पो चालवणाऱ्या पोरांची, ती गाडी रस्त्याकडंला लावतात, त्यांच्याकडं स्वतःचं मीटर कुठलं? बाजार समितीनं यार्डात आणि कुपवाड एमआयडीसीत कुणीतरी रात्रीच्या पार्किंगला दहा-दहा प्लग मीटरसकट काढून द्यावेत, पैसे घेऊन द्यावेत, फुकट नको.

किलोमीटरची ती वही अजून आहे, ज्याला बघायची त्यानं खुशाल दुकानी यावं, फक्त दुपारी दोन ते चार सोडून.

आपला,
एक होलसेल व्यापारी
गणपती पेठ, सांगली