गल्लीतली थोटकं उचलायला या : सभासद, माजी रहिवासी व हितचिंतकांना आवाहन

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

पाऊस तोंडावर आला आहे म्हणून घाईत लिहितो. मंडळाच्या कपाटावर, कबड्डीच्या ढालीशेजारी, पाण्याच्या लिटरच्या दोन बाटल्या ठेवल्या आहेत. ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांनी येऊन पाहाव्यात आणि एकदा झाकण उघडून वास घ्यावा. आत सिगारेटची थोटकं आहेत, ठासून भरलेली. बालविभागाच्या मुलांनी एका रविवारी टपरीपासून गटाराच्या जाळीपर्यंत, म्हणजे जेमतेम चाळीस पावलांत ती वेचली. (हातमोजे घालून, चिमट्याने. दोन आयांनी विचारलं होतं, म्हणून लिहिलं.)

आपलं मंडळ काय आहे हे लोअर परळमध्ये कोणाला सांगायला नको. १९८२ च्या संपात घरात चूल पेटण्याची मारामार होती, तरी दोन-दोन रुपये गोळा करून गणपती बसलाच. २६ जुलै २००५ ला अडकलेल्या किती जणांनी आपल्या चाळीच्या जिन्यावर बसून खिचडी खाल्ली, त्याची मोजदाद कोणी ठेवली नाही. डिलाईल रोडचा पूल २०१८ पासून पाच वर्षं बंद होता, तेव्हा गल्लीत गाड्या कोंबल्या जायच्या आणि आपली पोरं शिट्ट्या घेऊन चौकात उभी असायची. आणि देणगीदार म्हणाल तर खोली नंबर २७ च्या काकूंनी पेन्शनमधून दर वर्षी पहिली पावती फाडायची हा नेमच आहे. पोस्टातून निवृत्त झालेले दुसऱ्या माळ्यावरचे काका आजारी असूनही हिशेबाची वही सोडत नाहीत. डोंबिवली, बदलापूर, विरारला गेलेली कुटुंबं अजून वर्गणी पाठवतात. थोटकांचे पहिले चार पत्र्याचे डबेही तळमजल्यावरच्या वेल्डरदादांनी एक पैसा न घेता करून दिले. त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे.

आता मूळ मुद्दा. गिरण्यांचे भोंगे बंद झाले, तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. सकाळी अकराला आणि दुपारी चारला तिथली मंडळी गळ्यात ओळखपत्रं अडकवून आपल्या गल्लीत चहा-सिगारेटला येतात. येऊ देत, टपरीवाल्याचंही पोट आहे. सुटी सिगारेट विकायला राज्यात सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे आणि सार्वजनिक ठिकाणी ओढल्यास दोनशे रुपये दंड आहे, पण दोरीला टांगलेला लायटर जागच्या जागी आहे. आमचं भांडण ओढणाऱ्याशी नाही, ओढून झाल्यावर बोटाने टिचकी मारून जे उडवलं जातं त्याच्याशी आहे. आपले आजोबा-पणजोबाही बिड्या ओढायचे. पण बिडी म्हणजे पान, तंबाखू आणि दोरा, पावसात कुजून जायची. सिगारेटच्या बुडातला पांढरा बोळा दिसतो कापसासारखा, पण तो सेल्युलोज अ‍ॅसिटेट आहे, म्हणजे प्लास्टिकच. २०१८ मध्ये पिशव्या बंद झाल्या, हे मात्र राहून गेलं. पालिकेच्या सफाई कामगार ताई रोज खराटा मारतात, पण थोटूक पेव्हर ब्लॉकच्या फटीत बसतं आणि खराटा वरून निघून जातो. मग पहिल्या पावसात ते वाहत जाळीवर येतं. पानं, गुटख्याच्या पुड्या आणि थोटकं यांचा असा काही लगदा होतो की पाणी आपल्या तळमजल्यात शिरतं. जे निसटतं ते गटारातून समुद्रात. २०११ मध्ये अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या संशोधकांनी लिटरभर पाण्यात साधारण एका थोटकाचं विष उतरवून त्यात मासे ठेवले, तर चार दिवसांत निम्मे मेले. आपल्या बाटलीत किती आहेत ते येऊन मोजा.

नोएडात असा बोळा धुऊन त्याच्या उशा आणि खेळणी करतात म्हणे. महिला विभागाने उशीची कल्पना एकमताने फेटाळली आहे.

थोडं मनातलं. गेल्या वर्षी हेच आवाहन ग्रुपवर टाकलं. निळ्या खुणा सगळ्यांच्या आल्या, अंगठेही बरेच आले. सकाळी झाडू घेऊन आलो आम्ही नऊ जण, त्यातले चार साठीच्या पुढचे. समोरच्या टॉवरच्या सोसायटीला तीन पत्रं दिली, एकाचंही उत्तर नाही. एका कार्यालयाच्या गेटवर ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असं ऐकून परत आलो. हद्दीत येत नाही हे खरं, पण थोटकं तुमचीच ना? चार डब्यांपैकी दोन गायब झाले, बहुधा भंगारात गेले, एकात लोक पान थुंकतात. एक मात्र टपरीवाल्याने स्वतः राखला. संध्याकाळी तो डब्यातली वाळू चाळून थोटकं वेगळी काढतो. त्यावरून एवढं कळलं की डबा जिथे सिगारेट पेटते तिथेच हवा आणि भिंतीला बोल्टने पक्का हवा.

यंदा असे बारा डबे लावायचे आहेत. एका डब्याला पत्रा, बोल्ट, रंग धरून अंदाजे सातशे रुपये. वेल्डरदादा मजुरी घेणार नाहीत, पण पत्रा त्यांनी का भरावा? पूर्ण डबा द्या, चार जण मिळून द्या, शंभर दिलेत तरी पावती मिळेल. वाळू, जुने चिमटे, हातमोजेही चालतील. पैसे रोज रात्री ८ ते ९ मंडळाच्या कार्यालयात, काका नसतील तर २७ नंबरमध्ये. सफाई रविवार ३१ मे, तंबाखूविरोधी दिन, सकाळी ६.३० ला टपरीपाशी जमणे, जुन्या चपला घालून येणे, ९ ला चहा-पोहे. आठवड्याला एक डबा रिकामा करायला बारा जणांची यादी फळ्यावर लावली आहे, सध्या त्यात पाच नावं आहेत.

आपला,
सरचिटणीस

ता. क. – गेल्या वर्षीच्या डब्यांपैकी एक कोणाच्या गॅलरीत तुळशीला गेला असेल, तर रात्री कार्यालयाच्या दाराशी आणून ठेवावा. नाव विचारणार नाही. तुळशीला कुंडी मंडळ देईल.