बिंदलीएवढी बेडी

अलेक्झांड्रिया, व्हर्जिनिया
१२ ऑक्टोबर

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

आधी सोबतचे फोटो नीट बघ, मग पुढे वाच. काम तुझ्या घराण्याच्या पेशातलं, लोहारकीचं आहे.

गेल्या रविवारी इथल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात एकाच्या टेबलावर कंदील आणि घोड्याचे नाल यांच्यामध्ये पायबेड्यांची जोडी पडली होती. चिठ्ठी लावलेली : ‘गुलामांच्या बेड्या, १८५०’. किंमत ३५० डॉलर. उचलली, तर हाताला गार आणि चांगली जड. पण स्क्रूचे आटे इतके स्वच्छ, की कालच दुकानातून आणल्यासारखे. गंज सगळीकडे सारखा नारिंगी, ब्रशने फासावा तसा. तुझे अप्पा म्हणायचे ना, जुनं घडीव लोखंड गंजलं की त्यात लाकडासारख्या शिरा दिसतात? शिरा कुठेच नव्हत्या. वर कड्यावर एका मळ्याचं नाव ठसठशीत उमटवलेलं. अरे, मळेवाला बेडीवर कशाला नाव कोरत बसेल? नाव लागतं ते आजच्या गिऱ्हाइकाला. संग्राहक सांगतात, की असल्या नकली मालातला बराचसा भारतातूनच येतो. आपल्याकडचाच कुणी कारागीर, कशासाठी ते ठाऊकही नसताना, रोजाच्या पैशासाठी ठोकत असेल.

अस्सल बेड्या मी वॉशिंग्टनला पाहिल्यात, २०१६ साली उघडलेल्या आफ्रिकन अमेरिकन संग्रहालयात. तिथे लहान मुलाची बेडी आहे. कडं एवढंसं, की मला थेट आमच्या चिनूच्या बारशातल्या बिंदल्या आठवल्या. त्या चांदीच्या होत्या आणि तुझ्या आईने आणल्या होत्या. मी तिथे फार वेळ थांबू शकलो नाही. सुमन पुढच्या दालनात जाऊन बसली होती.

दुसरी गोष्ट वाचलेली, पण डोक्यातून जात नाही. ‘हेन्रिएटा मेरी’ नावाचं इंग्रज गुलामवाहू जहाज १७०० साली फ्लोरिडाजवळ बुडालं आणि १९७२ साली सापडलं. त्यातून बेड्यांच्या ८० हून अधिक जोड्या निघाल्या. रचना अगदी साधी : एक सरळ सळई, तिच्यावर सरकणारी दोन नालासारखी कडी, टोकाला पाचर. एका सळईला दोन माणसं. जहाज बुडालं तेव्हा मात्र त्या रिकाम्या होत्या, कारण सुमारे १९० माणसं आधीच जमैकात विकली गेली होती. बेड्या तेवढ्या घरी परत निघाल्या होत्या, पुढच्या खेपेसाठी.

माझ्या घरापासून जवळच, ड्यूक स्ट्रीटवर, फ्रँकलिन आणि आर्मफील्ड या गुलामांच्या व्यापाऱ्यांची पेढी होती, १८२८ ते १८३६. उन्हाळ्यात इथून माणसं दोघं-दोघं साखळीने जोडून मिसिसिपीतल्या नॅचेझपर्यंत पायी नेत, हजार मैलांच्या वर. नॅचेझच्या त्या बाजाराच्या जागी आज जमिनीतल्या काँक्रीटमध्ये बेड्या रुतवून ठेवल्यात. पाहायला जायचंय, पण अजून धीर झालेला नाही.

आता मला छळणारा प्रश्न. मळ्यावरचा लोहार पुष्कळदा स्वतःच गुलाम असायचा. मालकाने सांगितलं, की त्यानेच भाता ओढायचा, ऐरणीवर कडं वाकवायचं आणि आपल्याच माणसाच्या पायात घालून रिबीट ठोकायचं. १८०० साली रिचमंडजवळ उठावाचा बेत आखणारा गेब्रियल लोहारच होता. त्याच्या साथीदारांनी गवत कापायच्या मोठ्या विळ्यांच्या तलवारी केल्या होत्या. बेत फुटला, तो फासावर गेला. तुझ्या अप्पांना कुणी असलं काम सांगितलं असतं, तर त्यांनी काय केलं असतं रे? ते संतापी होते खरे, पण त्यांच्या मागे घर होतं.

बेडी मी घेतली नाही. त्या विक्रेत्याला काही बोललोही नाही, नुसती खाली ठेवली आणि चालू पडलो. तेच आता खुपतंय. तो पुढच्या रविवारी पुन्हा बसणार आहे. फोटोतल्या स्क्रूवरून आणि जोडावरून तुला काय वाटतं, ते त्याआधी फोनवर सांग. जोड आजच्या वेल्डिंगचा आहे असं मला वाटतं, पण माझ्या डोळ्यांवर माझा तुझ्याइतका भरवसा नाही.

काकूंना नमस्कार.

तुझा,
सुधीर