दोह्यात मॉलपलीकडेही बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला आखाती सहलींवरचा लेख वाचला. सोने, अत्तरे, वाळूतली जीप, उंच इमारती असे सगळे त्यात आले. शेवटी 'इथे इतिहास नाही, जे आहे ते पैशाने उभे केलेले' असा शेराही मारलेला दिसला. नोकरीमुळे मी दोह्यात राहतो. मुंबई-पुण्याहून येणारी पाहुणेमंडळीही हेच म्हणत परत जातात, म्हणून हे पत्र.

पैशाचे म्हणाल तर ते खरेच आहे. फ्रेंच वास्तुरचनाकार ज्यां नूवेल यांनी बांधलेले आणि २०१९ मध्ये उघडलेले कतारचे राष्ट्रीय संग्रहालय गॅसच्या पैशाशिवाय झाले नसते. पण वाळवंटात सापडणाऱ्या स्फटिकफुलासारख्या त्या तिरप्या चकत्यांच्या मधोमध शेख अब्दुल्ला बिन जासिम यांचा जुना वाडा जपून ठेवला आहे, इकडे कोणी लक्ष देत नाही. बाहेर फोटो काढून लोक टॅक्सीत बसतात.

आत मोत्यांचे दालन आहे. तेल सापडण्याआधी हा किनारा मोत्यांवर जगत होता. उन्हाळ्यात चार महिने गडी होड्यांवर असत. नाकाला चिमटा, पायाला दगड बांधून बुडी मारायची आणि दम संपला की वर ओढून घ्यायचे. बहुतेकांच्या डोक्यावर नाखुदाचे, म्हणजे होडीच्या कप्तानाचे, किंवा सावकाराचे कर्ज असे. हे मोती विकायला येत ते मुंबईत. तिथे त्यांची निवड होई, भोके पाडली जात आणि मग ते युरोपकडे रवाना होत. आपल्या आज्या ज्याला बसरा मोती म्हणत, तो याच आखाती पाण्यातला. १९३० च्या सुमारास जागतिक मंदी आणि जपानचे कल्चर्ड मोती एकदमच येऊन आदळले आणि हा धंदा बसला. रुपया मात्र त्यानंतरही टिकला. १९६६ पर्यंत कतारमध्ये व्यवहार रुपयांतच होत. माझ्या ऑफिसातल्या तरुण मराठी मुलांना हे सांगितले तर त्यांना ती थाप वाटते.

याच संग्रहालयात बडोद्याचा मोत्यांचा गालिचा आहे. खंडेराव महाराज गायकवाड यांनी तो १८६५ च्या सुमारास मदिनेला पैगंबरांच्या समाधीसाठी अर्पण करायचा म्हणून करवून घेतला. त्यावर सुमारे १५ लाख मोती आहेत, शिवाय हिरे, माणके, पाचू. १८७० मध्ये महाराज वारले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. पुढे तो राजघराण्याबरोबर युरोपात गेला आणि २००९ मध्ये दोह्यातच लिलावात विकला गेला. आखातातले मोती मराठी राजाच्या हुकमाने गालिच्यात गेले आणि तो गालिचा पुन्हा आखातात आला, एवढी साखळी आहे ही. एका हिंदू संस्थानिकाला मदिनेला अशी वस्तू द्यावीशी वाटली, यावर तर आपल्याकडे स्वतंत्र लेख व्हायला हवा.

दुसरे नाव मकबूल फिदा हुसेन. जन्म पंढरपूरचा. मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून वर आलेला हा माणूस २०१० मध्ये कतारचा नागरिक झाला आणि पुढच्याच वर्षी लंडनमध्ये वारला. त्यांच्या चित्रांवरून आपल्याकडे काय झाले, खटले का भरले गेले, त्यावर मते वेगवेगळी असतील. माझेही एक आहे, पण ते इथे नको. एज्युकेशन सिटीत, म्हणजे दोह्यातल्या विद्यापीठांच्या वसाहतीत, त्यांची शेवटची मोठी कलाकृती आहे, 'सीरू फिल अर्द'. काचेचे घोडे, जुन्या मोटारी, आकाशात झेपावू पाहणारा नवव्या शतकातला संशोधक अब्बास इब्न फिरनास, असा तो फिरता देखावा ठरल्या वेळी सुरू होतो. ती पूर्ण झालेली बघायला हुसेन उरले नव्हते. तिचे उद्घाटन २०१९ मध्ये झाले. गेल्या नोव्हेंबरात, म्हणजे २०२५ मध्ये, त्यांच्या नावाचे संग्रहालयही तिथेच उघडले. इमारत त्यांच्याच एका रेखाटनावरून बांधली आहे. पंढरपूर तालुक्यातून इथे कामाला आलेल्यांनाही याचा पत्ता नसतो.

आणि सगळे गुळगुळीत करून मांडले आहे, असेही नाही. दोह्याच्या मध्यवर्ती मशैरिब भागातले बिन जलमूद घर हे संग्रहालय गुलामगिरीवर आहे. मोत्यांच्या होड्यांवर आणि घरांत आफ्रिकेतून आणलेल्या माणसांना कसे राबवले, हे तिथे अरबी आणि इंग्रजीत सरळ लिहिलेले आहे. कतारमध्ये गुलामगिरी १९५२ मध्ये बंद झाली. आजच्या मजुरांचे प्रश्न त्याने सुटत नाहीत, ते मला रोज साइटवर दिसतात. तरी सरकारच्या आशीर्वादाने चालणारे असे घर आखातात मी दुसरे पाहिलेले नाही.

सहल कंपन्यांनी ही ठिकाणे कार्यक्रमात घ्यावीत. राष्ट्रीय संग्रहालय आणि एज्युकेशन सिटी या दोन्हींना मेट्रोची स्वतःची स्थानके आहेत, मशैरिबचे घर तर मेट्रोच्या मुख्य जंक्शनपासून पायी आहे, तेव्हा बसचा खर्च वाढेल ही सबब चालणार नाही. आणि आपणास विनंती अशी, की दोह्यावर पुढचा लेख छापाल तेव्हा खरेदीच्या चौकटीतल्या दोन दुकानांची नावे कमी करा आणि बडोद्याच्या गालिच्याचा एक फोटो छापा.

कळावे,
आपला,
एक वाचक, दोहा