नऊ पराभव आणि एक चढाई

लिंकन, नेब्रास्का
२७ नोव्हेंबर २०२१

प्रिय दिल्या,

आठ महिने पत्र नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. आम्ही सगळे बरे, माझा गुडघा होता तसाच.

काल आमच्या नेब्रास्का विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा आयोवाशी मोसमातला शेवटचा सामना. तिसऱ्या सत्रात आम्ही २१-६ने पुढे! चिरंजीव त्या थंडीत हातमोजे काढून टाळ्या पिटत होते. चौथ्या सत्रात आमचा पंट (चेंडू लाथेने दूर धाडणं) त्यांनी अडवला, एकाने चेंडू उचलला तो थेट टचडाऊन, म्हणजे सहा गुण. मग आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चाली खेळवणारा मुख्य खेळाडू, आपल्याच एंड झोनमध्ये (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात) कोंडला गेला, दोन गुण त्यांना. २८-२१.

मोसम ३-९. नऊच्या नऊ पराभव नऊ किंवा कमी गुणांनी. मिशिगनशी ३ने, मिशिगन स्टेटशी ओव्हरटाइममध्ये ३ने. गंमत म्हणजे जिंकलेले तीन सामने इतके एकतर्फी, की वर्षभराच्या बेरजेत प्रतिस्पर्ध्यांपेक्षा आमचेच ६३ गुण जास्त! हे गणित बायकोला समजावलं, ती म्हणाली, "भाजी चिर."

प्रशिक्षक स्कॉट फ्रॉस्ट, म्हणजे १९९७च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, इथलाच पोरगा. यंदा त्याचा पगार ५० लाख डॉलरवरून ४० लाखांवर आणला, पण ठेवला. माहेरच्या माणसाला कोण हाकलणार?

तुला लिहितोय कारण मिरजेच्या कबड्डीतली ती शेवटची चढाई तुलाच माहीत आहे. (बोनस नव्हताच. तुझा मागचा पाय जमिनीवर होता. पंच बरोबर होता, मी मरेपर्यंत हेच म्हणणार.) एका गुणाने हरणं वीस गुणांनी हरण्यापेक्षा वाईट, हे बाकी कुणाला सांगू?

काल गाडीत मागून आवाज आला, "बाबा, आपण आयोवाचे होऊया का?" मला हसू आलं, मग घशात काहीतरी अडकलं. अकरा वर्षांच्या पोराला मीच संघाची लाल टोपी घातली, दर शनिवारी मीच रडवतो. हा संस्कार म्हणायचा की छळ? आणि पुढच्या मोसमाची तिकिटंही घेणार आहे. हे घरी बोलू नकोस.

वहिनींची बदली झाली का? आईंच्या डोळ्याचं काय? कळव.

आणि एक. मिरजेहून परतताना एसटीत अण्णा तुला बराच वेळ काहीतरी सांगत होते. मी झोपेचं सोंग घेतलं होतं, पण इंजिनच्या आवाजात शब्द कळले नाहीत. काय म्हणाले होते रे?

तुझा,
बंड्या