दाखल्यावरची वेळ

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री बोलता बोलता तू फोन ठेवून दिलास, म्हणून लिहायला बसले. फोनवर मला रडू येतं, मग सांगायचं राहून जातं. गाडीबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवलंय.

मामाच्या मृत्यूच्या दाखल्यावर दुपारी ४.४० ची वेळ चुकून पडलीय, त्याचं हृदय रात्री नऊपर्यंत चालू होतं, असं तुझं म्हणणं. चुकलेलं नाही. हृदय चालू होतं ते व्हेंटिलेटरवर आणि औषधांवर. मेंदू मेलाय का, याची पहिली तपासणी सकाळी १०.२० ला झाली. दुसरी निदान सहा तासांनी करायची असा नियमच आहे, आणि दाखल्यावर त्या दुसरीची वेळ धरली. ३३ वर्षं शाळेत मुलांच्या जन्मतारखा रजिस्टरात चढवल्या मी. मेंदू मेल्याचा तो दहा नंबरचा फॉर्म रकाना न् रकाना वाचला. चार डॉक्टरांच्या सह्या आहेत, आणि अवयव काढणाऱ्यांपैकी त्यात कुणी चालत नाही. घाई नाही रे केली कुणी. उलट झोपेच्या औषधांचा अंमल पुरता उतरेपर्यंत थांबले. अंग गार असलं तर तपासणी फसते, म्हणून ब्लँकेटात गुंडाळून ठेवलं होतं त्याला.

दुसऱ्या वेळी मी आत होते. मामीला जाववेना. डॉक्टरांनी कापसाचं टोक बुबुळाला लावलं, पापणी लवली नाही. मग कानात बर्फाचं पाणी सोडलं. डोळे होते तिथेच. आणि मला कराडच्या प्रीतिसंगमावरचा लहानपणीचा बापू दिसला. कानात पाणी गेलं की मान वाकडी करून एका पायावर उड्या मारायचा, "ताई, तापलेला खडा दे गं!" खडा शोधून शोधून माझेच तळवे भाजायचे.

शेवटी व्हेंटिलेटर सोडवला, नळीतून नुसता ऑक्सिजन ठेवला. रक्तातला कार्बन डायऑक्साइड ६० च्या वर गेला की मेंदूत जरा धुगधुगी असली तरी श्वास घेतला जातो, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. मी चादरीवरच्या निळ्या चौकटींकडे बघत उभी होते. एकही हलली नाही.

पायाचं बोट हललेलं तू पाहिलंस, ते खरंय. मीही पाहिलं. ते मणक्यातल्या मज्जारज्जूतून होतं, मेंदूचा त्यात संबंध नसतो. एवढं कळूनही रात्री मला ते बोट दिसतं, मग तुझं काय चुकलं?

मामाचं हेल्मेट आरशाला अडकवलेलं होतं, ओंकार. आरशाला! आणि तू रात्री-अपरात्री हायवेने... बघ, लिहिलंच. शाळेतली सवय, जात नाही. राग मानू नकोस. तीन रात्री त्या बाकड्यावर बसून मामीला घास भरवलेस, ते तुझ्या बाबांना मी किती वेळा सांगितलं असेल. तू आजीला आणायला गेलास आणि इकडे अवयव द्यायच्या सह्या झाल्या, हाच खरा राग आहे ना? तेवढं थांबायला हवं होतं आम्ही.

आजीला आम्ही नऊचीच वेळ सांगितलीय. तिच्यासमोर दाखला काढू नकोस.

रविवारी ये. एसटीने.

तुझी आई