ईस्टर एका रविवारी संपत नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या ६ एप्रिलच्या अंकात ईस्टरची बातमी छायाचित्रासह आली, याबद्दल आभार. त्याआधीच्या शुक्रवारी 'गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा' देणारी एक जाहिरातही होती. तो दिवस शोकाचा असतो, पण तो विषय येथे वाढवत नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. ६ तारखेनंतर या सणाचा एक शब्दही छापून आला नाही. कॅथलिक उपासनेच्या पंचांगानुसार ईस्टर ५ एप्रिलला सुरू झाला असून तो पन्नास दिवस चालतो आणि यंदा २४ मे रोजी पेंटेकॉस्टच्या, म्हणजे प्रेषितांवर पवित्र आत्मा उतरल्याच्या, सणाला संपतो. दोष केवळ वृत्तपत्राचा नाही. उपवासकाळाचे चाळीस दिवस आम्ही कॅथलिक कुटुंबे नेटाने पाळतो आणि त्याहून मोठा असलेला हा आनंदाचा काळ मात्र सणाचे गोडधोड संपले की विसरतो.

या काळात रोजच्या मिस्सेतले, म्हणजे चर्चमधल्या उपासनेतले, पहिले वाचन जुन्या करारातून न घेता 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातून घेतात आणि शुभवर्तमान बहुतेक दिवशी संत योहानाचे असते. आमच्या गावापासून चर्च लांब असल्याने रविवार सोडला तर ही वाचने आम्ही संध्याकाळी घरीच वाचतो. १७ एप्रिलला योहानाचा सहावा अध्याय सुरू झाला: जवाच्या पाच भाकरी, दोन मासळ्या, पाच हजार माणसे आणि उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्या. मी वाचत होतो आणि सौ. चुलीपुढे कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी थापत होती. 'जवाच्या' हा शब्द कानावर पडताच तिचा हात थांबला आणि गव्हाच्या का नव्हत्या, असे तिने विचारले. त्या देशातही जव हे गरिबाचेच धान्य होते, एवढे मला सांगता आले. मराठी बायबलकारांनी येथे 'भाकर' हा शब्द योजला, त्याचे मोल मला त्या संध्याकाळी कळले.

दुसऱ्या दिवशीचे पहिले वाचन मात्र या भाकरीची दुसरी बाजू दाखवणारे होते. यरुशलेमेतल्या पहिल्यावहिल्या मंडळीत रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते, कुरकुर सुरू होते आणि बारा प्रेषितांना त्या कामासाठी सात जण नेमावे लागतात. चमत्काराने पाच हजारांना पुरलेली भाकर दुसऱ्या दिवशीच्या वाचनात काही विधवांपर्यंत पोहोचत नाही, ही गोष्ट केवळ रविवारी चर्चला जाणाऱ्याच्या ध्यानात येणे कठीण आहे. त्यानंतरचा रविवार, १९ एप्रिल, हा आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दिवस होता. खानदेशात सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचे, साल आखाजीला संपते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. शेजारच्या मळ्यात बाजेवर बसून उचल किती फिटली आणि धान्य किती राहिले, याचा हिशेब चालला होता आणि आम्ही चर्चमधून ऐकून आलो होतो ते शुभवर्तमान अम्माऊसच्या वाटेवरचे होते: वाटेत सोबत चालूनही न ओळखलेला येशू दोन शिष्यांना भाकर मोडताना ओळखू आला.

योहानाचा हा अध्याय या आठवड्यातही रोज चालू आहे. त्याच्या शेवटी 'हे वचन कठीण आहे' असे म्हणून बरेच शिष्य येशूला सोडून जातात. तो भाग यंदा वाचला जाणार नाही, कारण त्या शनिवारी, २५ तारखेला, संत मार्कचा सण असून त्या दिवसाची वाचने निराळी आहेत. मला याची चुटपुट लागली आहे.

माझी विनंती एवढीच की, आपल्या अध्यात्माच्या पानावर २४ मेपर्यंत आठवड्यातून एकदा तरी या वाचनांवर दहा ओळींची चौकट द्यावी. तिच्यात 'प्रेमाचा संदेश' वगैरे गुळमुळीत मजकूर नको; त्या दिवसाचे वाचन आणि ते आपल्या शिवारात कसे ऐकू येते, एवढे पुरे. खानदेशातले जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे ज्या नाशिक धर्मप्रांतात येतात, तेथे मराठीत प्रवचन करणारे धर्मगुरू आहेत. नवापूर-नंदुरबारकडच्या प्रॉटेस्टंट मंडळ्या हा वाचनक्रम पाळत नसल्या तरी योहान त्यांचाही आहे.

सुरुवात येत्या रविवारपासून, २६ तारखेपासून, करता येईल. त्या दिवशी योहानाच्या दहाव्या अध्यायातले 'मेंढरांचे दार मी आहे' हे वचन वाचले जाईल. माणूस स्वतःला दार कसे म्हणवतो, हे मला लहानपणी उमगत नसे. उन्हाळ्यात आमच्या रिकाम्या रानात मेंढ्या बसवायला ठेलारी येतात आणि रात्री वाघूर, म्हणजे जाळ्याचे कुंपण, लावतात. त्याला फाटक नसते. तोंडाशी घोंगडी अंथरून एक जण आडवा झोपतो.

आपला,
एक वाचक
ता. भुसावळ, जि. जळगाव
२१ एप्रिल २०२६