ऑप्शन फॉर्म कोण भरून देणार?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला तो लेख वाचून राग आला, अजून गेलेला नाही. जिद्द असली की वस्ती आडवी येत नाही म्हणे. मी नागपूरच्या पाचपावलीत, कष्टकऱ्यांच्या वस्तीत राहतो, जिद्द इथं भरपूर आहे साहेब.

आमच्या गल्लीतल्या एका पोरीचं गेल्या वर्षीचं सांगतो. बाप ई-रिक्षा चालवतो, आई फॉल-पिको करते. इंजिनिअरिंगच्या सीईटीत चांगले पर्सेंटाइल आले, पेढे वाटले, आणि मग आला कॅपचा, म्हणजे सरकारी प्रवेश प्रक्रियेचा, ऑप्शन फॉर्म, ज्यात कॉलेजं पसंतीच्या क्रमानं भरायची. घरात बारावीच्या पुढं कोणी गेलेलं नाही, विचारणार कोणाला? नेट कॅफेत गेली, मागं रांग, तिथल्या पोरानं घाईघाईत एक कॉलेज एक नंबरला टाकलं अन् सबमिट करून दिलं. नेमकं तेच लागलं! पहिल्या राउंडला पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की सीट आपोआप फ्रीज होते, ती घ्यायची नाहीतर पुढच्या राउंडमधून बाहेर, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. कॉलेज पार शहराबाहेर, संध्याकाळी परत यायला त्या रोडवर बसचा भरवसा नाही, बाप म्हणाला राहू दे. आता बी.कॉम. करते. पोरगी ओबीसी. वर्षाला आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी सरकारनं २०२४ पासून पूर्ण माफ केली, चांगलंच केलं, पण ही माफी कॅपमधून प्रवेश घेतला तरच, मॅनेजमेंट कोट्याला नाही. म्हणजे तेही गेलं.

आमच्या ऑफिसातल्या साहेबांचा मुलगा, राहणार त्रिमूर्ती नगर, म्हणजे बरी वस्ती, पर्सेंटाइल हिच्यापेक्षा कमी. पण काका इंजिनिअर, शेजारची ताई इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, मागच्या वर्षीचे कटऑफ समोर ठेवून सगळ्यांनी मिळून ब्रँचसकट यादी केली. त्यानं अभ्यास केला नाही असं मी बिलकुल म्हणत नाही, पण पोरगी काय झोपली होती का?

लेखकांनी अमेरिकेचे दाखले दिलेत म्हणून सांगतो. तिथल्याच सरकारनं १९९४ पासून पाच शहरांत गरीब वस्तीतली काही कुटुंबं चिठ्ठ्या टाकून निवडली आणि त्यांना बऱ्या वस्तीत भाड्यानं राहायला मदत दिली. तेरा वर्षांच्या आत जी पोरं तिकडं गेली ती, चिठ्ठी न निघालेल्या घरांतल्या पोरांपेक्षा, पुढं कॉलेजात जास्त गेली, पंचविशीच्या आसपास त्यांची कमाईही साधारण ३१ टक्के जास्त निघाली. आईबापांची कमाई वाढली नव्हती, मोहल्ला तेवढा बदलला होता. हे लेखात काहून नाही?

आणि एक. निकालाच्या दिवशी तुमच्या पेपरात टॉपरचे फोटो आणि क्लासेसच्या जाहिराती पानंच्या पानं असतात. त्यातलं अर्धं पान जूनमध्ये कॅपच्या नियमांना द्या, राउंड म्हणजे काय, फ्रीज म्हणजे काय, कोणते दाखले आधी काढून ठेवायचे, आईबापांना समजेल अशा मराठीत. यंदाही आमच्या गल्लीतली पोरं बारावीला आहेत.

– एक वाचक, पाचपावली, नागपूर